पस्तिशीनंतरचं बाळंतपण आणि नवऱ्याची साथ

नांदेड-लातूरकडे पहिलं बाळंतपण माहेरी, असा रिवाज. पण होणारी आई पस्तिशी ओलांडलेली असेल, तर तिची आईही बहुधा गुडघेदुखी, बीपी-शुगरनं बेजार असते. अशा वेळी नांदेडच्या विष्णुपुरी रुग्णालयात किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात सोबत जायची जबाबदारी नवऱ्यावर येते.

उशिरा दिवस गेलेल्या बाईला धास्ती फक्त कळांची नसते. या वयात रक्तदाब आणि गर्भारपणातला मधुमेह यांचा धोका वाढतो, बाळाच्या गुणसूत्रांच्या तपासण्या होतात. शिवाय ‘आता या वयात?’ असं विचारणारे असतातच. प्रसूतीच्या टोकाच्या भीतीला डॉक्टर ‘टोकोफोबिया’ म्हणतात. ती मोजायला १९९८ साली स्वीडनमध्ये ३३ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली.

ही भीती मनातच राहत नाही. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि गर्भाशयाचं आकुंचन मंदावू शकतं. नॉर्वेत २,२०६ स्त्रियांच्या अभ्यासात तीव्र भीती असणाऱ्यांची प्रसूती सरासरी दीड तास लांबली; इतर कारणं वजा केली तरी ४७ मिनिटांचा फरक उरला. फिनलंडमधल्या २००१च्या अभ्यासात या भीतीचा संबंध जोडीदाराबद्दलच्या असमाधानाशी आणि आधाराच्या अभावाशी दिसला.

कळांच्या वेळी सतत कुणी सोबत असेल तर प्रसूती लवकर होते, सिझेरियन कमी लागतात, हे १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्यांच्या २०१७च्या आढाव्यात दिसलं. आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ साली प्रसूती-सोबतीला परवानगी दिली. मात्र पसंती बाळंतपण अनुभवलेल्या नातलग बाईला. नवऱ्याला आत घ्यायचं ते खाटांभोवती आडोसा असेल तिथंच. एका दालनात अनेक खाटा असल्या की तो दाराबाहेरच राहतो.

म्हणून त्याचं खरं काम आधीच्या नऊ महिन्यांत असतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांकडून दोघांनी मिळून समजून घ्यावा. कळा आल्यावर कंबरेच्या खालच्या भागावर तळहातानं कसा दाब द्यायचा, हे नर्सताईंकडून शिकून घ्यावं. रात्रीची गाडी ठरवून ठेवावी. ‘काही होत नाही’ म्हणून विषय मिटवण्यापेक्षा ‘कशाची भीती वाटते?’ एवढं विचारावं.

भीतीनं झोप उडाली असेल, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. आणि नवरोबा, पुढच्या तपासणीला गाडीपाशी थांबू नका. फाईल घेऊन आत जा.