चमचा, लोटा आणि निमाडचा उन्हाळा

माळव्याच्या शीतल रात्रींचे कौतुक आम्हां इंदूरकर मराठी मंडळींच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात निमाडात गेले की हे कौतुक आपोआप विरते. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांपर्यंत सहज चढतो. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेला मी १९८६ च्या उन्हाळ्यात खरगोन जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात इंटर्न म्हणून दाखल झालो, तो नेमका याच दिवसांत.

विहिरी आटल्या की नदीच्या वाळूत झिरे खणायचे आणि माणसांनी व गुरांनी तेथलेच पाणी प्यायचे, अशी त्या भागाची रीत होती. साहजिकच हगवण-वांतीचे रुग्ण रोज येत. येणाऱ्या प्रत्येकाची मागणी एकच असे : ‘बाटली चढवा’. सलाईनची बाटली टांगली म्हणजे उपचार झाला; पुडीतील पावडर पाण्यात कालवून दिली म्हणजे डॉक्टराने बोळवण केली, असा सरळ हिशेब. (शहरातील सुशिक्षितांचा हिशेब आजही फारसा निराळा नाही, हे जाता जाता नमूद करतो.)

एका दुपारी वैद्यकीय अधिकारी बैठकीसाठी जिल्ह्याच्या गावी गेलेले असताना दोन रुग्ण जवळजवळ एकाच वेळी आले. एक मध्यमवयीन शेतमजूर : तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, हातपाय गार, मनगटाची नाडी लागत नाही. दुसरे सुमारे दीड वर्षाचे मूल : डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश पूर्ववत होणारी, परंतु शुद्धीवर, चिडचिडे आणि पाण्यासाठी आसुसलेले. कपाटात रिंगर लॅक्टेटच्या दोनच बाटल्या शिल्लक होत्या. मुलाचा बाप एक बाटली मागत होता आणि ‘नसेल देत तर गावातल्या सुईवाल्याकडे नेतो’ असे बजावीत होता.

माझ्या मनातही एकेक बाटली वाटून द्यावी असा विचार डोकावला. केंद्रातील अनुभवी सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मूल पाणी मागतंय. मागणाऱ्याला तोंडाने देता येतं. तो मागूही शकत नाही.” दोन्ही बाटल्या मजुराला वेगाने दिल्या. नाडी हाताला लागली, तो घोट गिळू लागला. त्याबरोबर जीवनजलाचा लोटा त्याच्या भावाच्या हाती देऊन जीपने त्याला खरगोनला रवाना केले. तेथून तो पुढे पायी घरी गेल्याचे नंतर कळले.

मुलाचे वजन ८ किलो भरले. किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे चार तासांत ६०० मिलिलिटर. पाच मिलिलिटरचा चमचा धरला तर १२० चमचे, दर दोन मिनिटांस एक. सिस्टरांनी हा हिशेब मुलाच्या आईला आकड्यांत सांगितलाच नाही. “एक चमचा दे, बाहेरच्या लिंबाकडे एक फेरी मारून ये, मग दुसरा दे,” एवढेच सांगितले. मूल ओकले. बाप उठला. सिस्टरांनी दहा मिनिटे थांबायला लावले आणि पुन्हा चमचा सुरू केला. दिवेलागणीच्या सुमारास मुलाला लघवी झाली आणि त्या माउलीने ओले लुगडे आम्हांला मोठ्या अभिमानाने दाखविले. प्रयोगशाळेचा कोणताही अहवाल मी त्यानंतर इतक्या आनंदाने वाचलेला नाही.

या साध्या द्रावणाची थोरवी मला पुढे वाचनातून उमगली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली असता बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण नातेवाइकांच्याच हाती सोपविले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना सोडियमला सोबत नेते व त्यांच्यामागून पाणी जाते, एवढेच त्यामागील शास्त्र. २००२ पासून द्रावणाची तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली गेली. २००४ पासून त्याच्या जोडीला १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच हे द्रावण मिळालेले आढळते. औषध स्वस्त आहे, पुडी सर्वत्र मिळते. उरतात ते १२० चमचे, आणि ते समजावून सांगण्यास लागणारी आमची दहा मिनिटे.

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलाशेजारी आजही एक लोटा व चमचा ठेवलेला असतो. जुलाबाने बेजार झालेले मूल आले की पुडी कालवून पहिला चमचा आईनेच माझ्यासमोर पाजायचा, असा शिरस्ता आहे. बाहेर ताटकळणारे रुग्ण कुरकुरतात. त्यांना कुरकुरू देतो.