केंद्राध्यक्ष बाईंची रोजनिशी



निवडणूक आली की चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, एवढेच काय पण रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या अंगणातही उमेदवारांची चर्चा रंगते. कोण उभा राहिला, कोणी माघार घेतली, कोणाला कोणाचा पाठिंबा, हे सारे आपणांस तोंडपाठ असते. परंतु मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत लाकडी मेजापाशी बसून आपल्या बोटाला शाई लावणाऱ्या चार माणसांविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. ती बहुधा शिक्षक असतात, कारकून असतात. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील कितीतरी मुलीसुना शिक्षिका आहेत, त्यांनाही हे काम चुकत नाही. त्यांच्यापैकीच एका बाईंची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांनी ती मला कबुलीपिठात सांगितलेली नसून ओसरीवर सांगितली, आणि त्यांच्या अनुमतीनेच मी ती येथे लिहीत आहे.

बाई आमच्या टिळकवाडीत राहतात. ७ मे २०२४ रोजी बेळगाव आणि चिक्कोडी ह्या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. बाईंना केंद्राध्यक्ष म्हणून निपाणीकडील एका खेड्यात पाठविण्यात आले होते. आदल्या दिवशी यंत्रे, शाईच्या बाटल्या, लाखेच्या कांड्या, पाकिटांचा ढीग असे सर्व साहित्य घेऊन चौघेजण शाळेत उतरले आणि तेथेच पथारी पसरून झोपले. सकाळी सात वाजता मतदान सुरू झाले. दुपारपर्यंत सर्व सुरळीत होते.

दुपारी गावातील एक वजनदार गृहस्थ एका वृद्ध स्त्रीस घेऊन आले. "बाई, म्हातारीला दिसत न्हाई, मी बटण दाबतो." नियमाप्रमाणे अंध किंवा अपंग मतदारास अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. मात्र त्या सोबत्याने लिहून द्यावे लागते की मत गुप्त ठेवीन, आणि आजच्या दिवशी अन्य कोणत्याही मतदाराचा सोबती झालेलो नाही. गृहस्थांनी सही केली आणि काम झाले. अर्ध्या तासाने तेच गृहस्थ दुसऱ्या आजीबाईंना घेऊन हजर झाले. बाईंनी नकार दिला. ते हसून बाहेर गेले आणि पाचसहा तरुणांना घेऊन परत आले. कोणाच्या हाती काठी नव्हती, कोणी शिवी दिली नाही. गृहस्थ मेजावर दोन्ही हात टेकून एवढेच म्हणाले, "बाई, तुमची शाळा कुठं हाय ते समजंल की आमाला. बदल्या कोण करतंय तेबी ठाव हाय."

बाई सांगत होत्या, "फादर, माझे हातपाय गार पडले. पण प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली होती, ती आठवली." ती गोष्ट अशी : मतदान केंद्र बळकावले जात आहे असे केंद्राध्यक्षाचे मत झाले, तर त्याने नियंत्रण यंत्रावरील मतदान बंद करण्याचे बटण तात्काळ दाबावयाचे आणि मत देण्याचे यंत्र त्यापासून सोडवावयाचे. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-एक्स हा तो नियम. एकदा बटण दाबले की पुढे एकही मत पडत नाही. बाईंनी बटणावरील झाकणाकडे हात नेला आणि म्हणाल्या, "मी हे दाबले, तर रांगेतल्या सर्वांचे मतदान थांबेल. कारण मला लिहावे लागेल, आणि तुमचे नाव लिहावे लागेल."

तेव्हा रांगेतील एक बाई, डोक्यावर पदर, कडेवर नातू, पुढे होऊन त्या गृहस्थांना म्हणाली, "आमी सकाळधरनं उन्हात हुबं हाय. सर की बाजूला." मागून आणखी दोघीतिघी बोलल्या. पोरे एकमेकांकडे पाहू लागली आणि मंडळी बाहेर गेली. संध्याकाळी सहा वाजता मतदान विनातंटा संपले.

हे सर्व मला कळले ते पाच दिवसांनी, १२ मे रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या रविवारी. कौतुक करावे असा प्रसंग, म्हणून मी कौतुक करू लागलो, तो बाईंचे डोळे भरून आले. केंद्राध्यक्षास एक रोजनिशी भरावी लागते. तीत निवडणूक गुन्ह्यांचे रकाने असतात, आणि त्यांत मतदारांना व इतर व्यक्तींना धाकदपटशा दाखविल्याचे प्रकार किती, असाही एक रकाना असतो. बाईंनी त्यात शून्य लिहिले होते. "फादर, हे खोटे लिहिणे झाले ना?"

भीतीमुळे कृत्याची जबाबदारी कमी होते, परंतु ती नाहीशी होतेच असे नाही, असे आम्हांस धर्मविद्यालयात शिकविले आहे. तेवढे मी सांगू शकलो. पण कायदा त्यांच्या पाठीशी किती आहे, हे विचारल्यावर मी निरुत्तर झालो. म्हणून एका परिचित वकिलांकडून पुस्तके आणून वाचली. जे वाचले त्यातील काही भाग आपल्या घराघरांत माहीत असावा असे वाटते.

केंद्राध्यक्ष हा त्या खोलीपुरता लहानसहान अधिकारी नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३१ व्या कलमाप्रमाणे केंद्रात वा जवळपास आरडाओरड आणि बेशिस्त वर्तन करणाऱ्यास अटक करण्याचा हुकूम तो पोलिसाला देऊ शकतो, आणि असा हुकूम मिळाला की पोलिसाने अटक करावयाचीच असते. १३२ व्या कलमाने गैरवर्तन करणाऱ्यास बाहेर काढता येते. मात्र मतदाराचे मत बुडेल अशा रीतीने हा अधिकार वापरावयाचा नाही, अशी सूचना त्याच कलमात आहे. मला हे फार शहाणपणाचे वाटले. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन फिरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि केंद्र बळकावणाऱ्यास १३५-अ कलमाखाली किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे कैद आहे. तो सरकारी नोकर असेल तर तीन ते पाच वर्षे.

हे शेवटचे कलम मूळ कायद्यात नव्हते. बिहारमधील बेगुसराय जिल्ह्यातील रचियारी येथे १९५७ साली मतदान केंद्र बळकावले गेले, ती देशातील अशी पहिली घटना म्हणून बहुधा सांगितली जाते. पुढे तो रोग पसरत गेला. १९७७ साली पंजाबातील फिरोजपूर मतदारसंघात मतमोजणी संपत आली असता जमावाने दंगा केला, काही मतपत्रिका नष्ट झाल्या, आणि निर्वाचन अधिकाऱ्यास निकाल जाहीर करता आला नाही. आयोगाने संपूर्ण मतदारसंघात पुन्हा मतदान घेण्याचा आदेश दिला. मोहिंदर सिंग गिल ह्या उमेदवाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार मान्य केला. त्यानंतर बारा वर्षांनी, मार्च १९८९ पासून, १३५-अ कलम अमलात आले. मतदान यंत्रास कायद्याची मान्यता मिळाली ती त्याच दुरुस्तीने. यंत्राचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे : मिनिटाला चारांहून अधिक मते ते घेतच नाही. पूर्वी धटिंगण मतपत्रिकांच्या गठ्ठ्यावर भराभर शिक्के मारून निघून जात. आता त्यांनाही रांगेतल्यासारखे थांबावे लागते.

आता धमकीविषयी. मेजावर हात टेकून बोललेले ते वाक्य गुन्हा होय काय? लोकसेवकाने एखादे काम करावे किंवा करू नये म्हणून त्याला, अगर ज्याच्याविषयी त्याला आस्था आहे अशा कोणालाही, इजा करण्याची धमकी देणे हा गुन्हा आहे. ७ मे रोजी जुनी दंडसंहिता चालू होती, तिचे ते १८९ वे कलम. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २२४ वे आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इजा म्हणजे केवळ अंगावर वळ उठणे नव्हे. शरीर, मन, अब्रू आणि मालमत्ता ह्यांपैकी कशासही बेकायदेशीरपणे केलेला अपाय, असा तिचा अर्थ कायद्याने केला आहे. प्रत्यक्ष हात उगारला तर १३२ वे कलम आणि दुखापत केली तर १२१ वे, ही त्याहून कडक कलमे आहेत.

आणि बदलीचे काय? येथे २८-अ हे कलम उपयोगी पडते. निवडणुकीच्या कामावर नेमलेला प्रत्येक अधिकारी, केंद्रावरील पोलीससुद्धा, निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असे मानले जाते. त्याच्यावर नियंत्रण आयोगाचे, शिस्तही आयोगाची. त्या दिवसांत गावच्या पुढाऱ्याच्या शब्दाला शून्य किंमत. मतदारयादीसाठी घरोघर फिरणाऱ्यांनाही १९५० च्या कायद्याच्या १३-सीसी कलमाने असेच संरक्षण दिले आहे. आपल्या वाडीत यादी घेऊन येणारी अंगणवाडीची ताई उन्हातून दारात आली, तर तिच्यावर खेकसण्यापूर्वी हे आठवावे.

परंतु वाचकहो, ह्या कलमातील "निकाल जाहीर होईपर्यंत" हे शब्द मला टोचतात. २०२४ चा निकाल ४ जूनला लागला. त्या दिवशी आयोगाची छत्री मिटली, आणि लवकरच बाई आपल्या शाळेच्या वर्गात उभ्या होत्या. धमकी देणारा मतदानाच्या दिवसाची धमकी देतच नाही. तो पुढल्या जूनची देतो, मुलाच्या दाखल्याची देतो, रात्रीच्या शेवटच्या बसची देतो. ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात एप्रिल २०१९ मध्ये मतदान पथक घेऊन जाणाऱ्या एका महिला पर्यवेक्षकाचा नक्षलवाद्यांनी बळी घेतला, तसली भीषण संकटे आपल्या भागात नाहीत, ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत. आपल्याकडील धाक सौम्य शब्दांचा आहे, आणि म्हणूनच तो रोजनिशीत उतरत नाही.

धनाढ्य देशांतही हे असेच चालते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे रूबी फ्रीमन आणि त्यांची कन्या शे मॉस ह्या २०२० च्या निवडणुकीत मतमोजणीच्या कामावर होत्या. त्यांनी खोटी मते मोजली अशी अफवा बड्या मंडळींनी उठविली. पुढे धमक्या इतक्या आल्या की आईला आपले घर सोडून राहावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयातील पंचांनी, अफवा पसरविणारे न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी ह्यांनी त्या दोघींना सुमारे १४ कोटी ८० लक्ष डॉलर द्यावेत असा निवाडा दिला. तीन वर्षे त्या दोघींनी काय सोसले असेल!

आपल्या सीमाभागात ह्यात भाषेची भर पडते. सीमाप्रश्नाविषयीचे माझे मत सांगण्याची ही जागा नव्हे. पण त्या प्रश्नाच्या भरात बेळगाव लोकसभा मतदारसंघात १९९६ साली ४५६ उमेदवार उभे राहिले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. उमेदवारांचा तो निषेध होता. तथापि ४५६ नावांच्या मतपत्रिका घडी घालून देणारे, आणि पुढे त्या उलगडून मोजणारे हात कोणाचे होते? त्याच वर्षी लोकसभेसाठीची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजार रुपये झाली, एवढे मात्र सर्वांनी लक्षात ठेवले. मराठी गावात कन्नड शिक्षक केंद्राध्यक्ष म्हणून येतो, कन्नड गावात मराठी बाई जाते, आणि सरकारवरचा राग त्या गरीब माणसावर निघतो. तो माणूस सरकार नव्हे.

पिलाताची गोष्ट आपण दरवर्षी शुभ शुक्रवारी ऐकतो. तो सुभेदार होता. त्याच्यापाशी शिपाई होते, रोमचा कायदा होता. समोरचा कैदी निर्दोष आहे हे त्याला कळले होते, आणि त्याच्या पत्नीनेही निरोप धाडला होता. मग तो नमला कशाने? ह्याला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, असे जमावाने म्हटल्याने. ते शब्द नोकरीवर घाला घालणारे होते. पुढे त्याने पाणी मागवून हात धुतले, ते सर्वांना ठाऊक आहे. बाईंनी ह्याच्या नेमके उलट केले. भर दुपारी, शिपाई एकच असताना, त्या नमल्या नाहीत. त्या नमल्या रात्री, साहित्य गोळा करून झाल्यावर, एकट्या बसून रकाने भरताना.

मी बाईंना सांगितले की अजून निकाल लागलेला नाही, तोवर आपण आयोगाच्याच सेवेत आहात, निर्वाचन अधिकाऱ्यास पत्र लिहून घडलेले कळवा. मतदानानंतर निरीक्षक रोजनिश्या आणि नोंदवह्या तपासतात, फेरमतदान घ्यावे की नाही हे त्यावरून ठरते; शून्य लिहिले तर त्यांना काही दिसणारच नाही. बाई म्हणाल्या, "साक्षीदार लागेल." मी म्हटले, ती नातू कडेवर घेतलेली? तेव्हा बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी पहिल्यांदा सांगितली नव्हती. मत देऊन जाताना ती बाई मेजापाशी थांबली होती आणि म्हणाली होती, "कुणी इचारलं तर माझं नाव सांगा, बाई. मी भीत न्हाई. मला कुठं बदली हाय?"

बाईंनी पत्र लिहिले. चांगले दोन पानी लिहिले, मला वाचावयासही दिले. ४ जून उलटून गेल्यावर मी चौकशी केली, तेव्हा ते त्यांच्या पर्समध्येच होते.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तो त्यांना वाचून दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, "फादर, गावाचे नाव कुठे आले नाही ना?"

आलेले नाही.