अळीच्या कपाळावरचे अक्षर

कपाळी काय लिहिले आहे ते कुणाला वाचता येत नाही, असे आपण म्हणतो. मक्यावरच्या लष्करी अळीचे मात्र वाचता येते. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे उमटलेले असते आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. ही बया मूळची अमेरिकेची. २०१६ साली ती आफ्रिकेत दिसली आणि २०१८ साली आपल्या देशात. आमचे मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, केळीच्या मुलखातले खरे. पण इकडे मकाही पिकतो, आणि अळीला तेवढे पुरते.

मोठ्या अळीचे हे अक्षर नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण तोवर ती पोंग्यात खोल शिरून, वर विष्ठेचे बूच मारून बसलेली असते. फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला ओळखायचे ते लहानपणीच, आणि तेव्हा तिचे डोके असते जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंद!

सूक्ष्मदर्शकाचे चारपट भिंग कॅमेऱ्याला जोडून मी तिचा फोटो घेऊ लागलो. पण अशा भिंगाला एका वेळी मिलिमीटरचा विसावा भाग, एवढाच थर स्वच्छ दिसतो. कपाळ दिसले तर गाल धुक्यात. यावर तोड अशी, की अळी किंचित किंचित पुढे सरकवत तीस-चाळीस फोटो घ्यायचे आणि त्यांतले स्वच्छ तेवढे भाग संगणकाकडून एकत्र जुळवून घ्यायचे. रॉबर्ट हुकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’त पिसू आणि ऊ काढली, तीही एका नजरेत नव्हे. वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी पाहून मग त्याने चित्र पुरे केले. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून या माणसाबद्दल मला विशेष आदर.

पण इतके बारीक सरकवायचे कुणी? माणसाचा हात तर थरथरणारच. घरात दारावरच्या पाट्या कोरण्यासाठी घेतलेले एक छोटे सीएनसी यंत्र होते. तीस सेंटिमीटर लांब, अठरा रुंद पाट. संगणकाने आज्ञा द्यावी आणि पाटाने हलावे. त्याची मोटर एका फेऱ्यात ३२०० बारीक पावले टाकते आणि त्या फेऱ्यात आट्यांचा दांडा पाटाला चार मिलिमीटर नेतो. म्हणजे मिलिमीटरला ८०० पावले! मला हवी होती बत्तीस पावलांची एक चाल, मिलिमीटरचा पंचविसावा भाग.

कॅमेरा जड, म्हणून तो सागवानी फळीवर पक्का केला आणि अळीला पाटावर बसवले. कोरणारी मोटर काढून तिच्या तारा रिलेला जोडल्या व रिले कॅमेऱ्याच्या कळीला. यंत्राला वाटते आपण लाकूड कोरतो आहोत. प्रत्यक्षात फोटो निघतो. प्रत्येक चालीनंतर दोन सेकंद थांबायचे, म्हणजे थरथर निवते. आट्यांत थोडी ढिलाई असतेच, म्हणून सगळा प्रवास एकाच दिशेने करायचा. पंखा मात्र बंद हवा. मॉडेल हलू नये म्हणून अळीला आधी फ्रीजरमध्ये ठेवावे लागते. याविषयी सौ.चे मत इथे छापण्याजोगे नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारचे अप्पा काडेपेटीत तीन अळ्या घेऊन आले. “गुरुजी, पोंग्यात सापडल्या. तीच का हो ही?” दोन एकर मका, नुकता गुडघ्याला लागलेला. दुकानदाराने महागडे औषध सुचवले होते आणि अप्पांच्या सुनेला ते विनाकारण मारायचे नव्हते. अडीच मिनिटांत तीस फोटो झाले, जुळवायला आणखी थोडा वेळ. पडद्यावर डोके वर येत गेले, केस न् केस वेगळा. आणि मधोमध, फिकट पण स्पष्ट, ते उलटे अक्षर.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेने विचारले, “अजून लहान आहे ना पण?”

लहानच होती. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन ती कृषी सहायकांकडे गेली. संध्याकाळी घरातली सगळी माणसे पोंगे तपासत, अळ्या वेचत मळ्यात फिरत होती. निंबोळी अर्क भिजत पडला होता आणि बांधावर कामगंध सापळे लागले होते.