बिल आमच्या भाषेत द्या

१९५२ साली साउथ वेल्समधल्या लान्गेनेख या गावात ट्रेव्हर आणि आयलीन बीझली या जोडप्याने एक लहानसं घर घेतलं. ट्रेव्हर कोळशाच्या खाणीत कामाला, आयलीन आधी शिक्षिका. लवकरच घरपट्टीचं बिल आलं, इंग्रजीतून. बीझलींनी लानेल्लीच्या ग्रामीण परिषदेला कळवलं, की पैसे द्यायला आमची ना नाही, पण बिल वेल्शमधून पाठवा. गावात वेल्श, परिषदेच्या सदस्यांच्या घरात वेल्श, कचेरीतल्या कारकुनांच्या तोंडीही वेल्शच. तरी उत्तर आलं ते नकाराचं.

पुढची आठ वर्षं तेच चक्र. समन्स, कोर्ट, दंड आणि दारात बेलीफ. डझनाहून अधिक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागली. जप्तीत पियानो गेला, मग टेबल-खुर्च्या, गालिचे, लग्नातल्या भेटवस्तू. घरात दोन मुलं लहानाची मोठी होत होती, ती अशी उघड्याबोडक्या खोल्यांत. शेवटी १९६० साली परिषद नमली आणि दोन्ही भाषांत छापलेलं बिल आलं. आयलीनला पुढे ‘वेल्सची रोझा पार्क्स’ म्हणू लागले. मला ती उपमा अपुरी वाटते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्सच्या मागे उभी राहायला एक चळवळ तयार होती. वेल्श भाषेसाठी कायदा मोडणारी संघटना तर १९६० पर्यंत जन्मालाही आली नव्हती.

वेल्श बोलणारी परिषद वेल्श बोलणाऱ्या गावकऱ्याला इंग्रजी कागदासाठी कोर्टात खेचते, हे कोडं वाटतं. पण त्याचं उत्तर जुनं आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी झाली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी केलेलं बायबलचं भाषांतर छापलं गेलं, म्हणून भाषा प्रार्थनाघरात तगली. देवाशी वेल्श, साहेबाशी इंग्रजी, अशी वाटणी झाली. १८४७ मध्ये वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधल्या शिक्षणावर निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल दिला आणि त्यात अज्ञानाचं, अनीतीचं बरंचसं खापर वेल्शवर फोडलं. त्या शतकात काही शाळांतून ‘वेल्श नॉट’ चालायचं. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचा. त्याने तो दुसऱ्या बोलणाऱ्याकडे सरकवायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. असा काही सरकारी हुकूम नव्हता. मास्तर वेल्शच असायचे आणि पोराचं भलं व्हावं म्हणून आईबापांनाही ते पटायचं. शंभर वर्षांनी लानेल्लीच्या कचेरीत बसलेला कारकून याच शिकवणीत तयार झालेला होता.

१९०१ मध्ये वेल्समधल्या निम्म्या लोकांना वेल्श येत होती. १९६१ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. ते आकडे जाहीर होण्याआधीच, १३ फेब्रुवारी १९६२ रोजी, नाटककार साँडर्स लुईस यांनी बीबीसीच्या रेडिओवरून भाषेच्या भवितव्यावर व्याख्यान दिलं. हे गृहस्थ जन्मले इंग्लंडात, लिव्हरपूलच्या पलीकडच्या काठावर. १९३६ मध्ये बॉम्बफेकीच्या प्रशिक्षणासाठी बांधल्या जाणाऱ्या विमानतळाला त्यांनी दोन साथीदारांसह आग लावली, स्वतःच पोलिसांकडे जाऊन ते सांगितलं आणि तुरुंगवास भोगला. रेडिओवर त्यांनी सांगितलं, की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श संपलेली असेल. मग उपाय काय? त्यांनी बीझलींकडे बोट दाखवलं. वेल्शशिवाय सरकारी कारभार चालवणं अशक्य करून सोडा.

तरुणांनी हे मनावर घेतलं. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली आणि २ फेब्रुवारी १९६३ ला, कडाक्याच्या थंडीत, अ‍ॅबरिस्टविथमध्ये पहिलं आंदोलन झालं. बेत असा, की पोस्टाच्या इमारतीवर पोस्टर चिकटवायची, अटक करवून घ्यायची आणि वेल्शमधून समन्स मागायचं. पोलिसांनी कुणाला हातच लावला नाही! हिरमुसलेल्या काही जणांनी मग ट्रेव्हेखन पुलावर बसकण मारून रस्ता अडवला. तरीही अटक नाही. चळवळीचा श्रीगणेशा असा फुसका झाला, पण पुलाचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले आणि काम झालं. पुढे वर्षानुवर्षं नुसत्या इंग्रजी पाट्यांवर रंग फासला गेला आणि शेकडो जण कोर्टात उभे राहिले.

त्याच सुमाराला उत्तरेत कापेल केलिन नावाचं गाव बुडत होतं. लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं. स्थानिक परवानगीच्या फंदात न पडता तिने थेट ब्रिटिश संसदेकडून १९५७ मध्ये धरणाचा कायदा करून घेतला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ विरोधात होते. त्यांना कुणी विचारलं नाही. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, बारा घरं आणि शेतवाड्या पाण्याखाली गेल्या. दफनभूमीतले काही मृतदेह नातेवाइकांनी हलवले. उरलेल्या कबरींवर काँक्रीट ओतलं. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. इथे बोच आणखी एक होती: सगळं गाव वेल्श बोलणारं होतं. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटनाच्या वेळी निदर्शकांनी माइकच्या तारा कापल्या आणि समारंभ काही मिनिटांत आटोपता घ्यावा लागला.

या धरणाची आठवण एका पडक्या भिंतीने जागती ठेवली. लानरिस्टिडजवळ रस्त्याकडेच्या त्या भिंतीवर मीक स्टीव्हन्स या तरुणाने दोन शब्द रंगवले: ‘त्रवेरिन आठवा.’ त्रवेरिन म्हणजे ती नदी, ते खोरं. गंमत अशी, की त्याने व्याकरणात चूक केली. आपल्याकडे विभक्ती लागताना शब्दाचा शेवट बदलतो, वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. इथे ‘त्रवेरिन’चं ‘द्रवेरिन’ व्हायला हवं होतं. नवशिका माणूस ‘पुण्याला’ऐवजी ‘पुणेला’ म्हणतो, तसंच हे. स्टीव्हन्सचं बालपण इंग्रजीत गेलं होतं, वेल्श तो मोठेपणी शिकला. पुढे कुणीतरी ते अक्षर दुरुस्त केलं. वेल्समधली सर्वांत प्रसिद्ध वेल्श घोषणा अशा माणसाने लिहिली ज्याच्या हातून ती भाषा निसटलेली होती, आणि चुकीसकट लिहिली, हे मला फार बोलकं वाटतं. २०१९ मध्ये कुणी ती भिंत पाडली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा रचली आणि वेल्सभर तेच दोन शब्द भिंतींवर उमटले.

धरणाच्या उद्घाटनाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २१ ऑक्टोबर १९६६ ला, सकाळी नऊनंतर आबरव्हान गावावर खाणीतल्या टाकाऊ मालाची टेकडी घसरली. ती झऱ्यावरच रचलेली होती. खाली शाळा नुकती भरली होती. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. चौकशीत राष्ट्रीय कोळसा मंडळ दोषी ठरलं. तरीही उरलेल्या टेकड्या हटवण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ मध्ये, व्याजाविना. कापेल केलिन शेतकऱ्यांचं, वेल्श बोलणारं गाव. आबरव्हान खाणकामगारांचं, बहुतांशी इंग्रजी बोलणारं. एरवी हे दोन वेल्स एकमेकांकडे जरा संशयानेच पाहायचे. पण आपल्या डोक्यावरचं पाणी असो की माती, निर्णय भलतीकडेच होतो, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

आबरव्हानच्या तीन महिने आधी कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत ग्विन्व्हॉर एव्हान्स निवडून आले होते, प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार. पिंडाने शांततावादी, धंदा टोमॅटोच्या लागवडीचा. त्यांनी वेल्शमधून शपथ घ्यायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तरी हवा बदलत होती. १९६७ च्या भाषा कायद्याने वेल्शला थोडी मान्यता दिली. १९६९ चा चार्ल्सच्या युवराजपदाचा सोहळा बहुतेकांनी टाळ्या वाजवत पाहिला आणि काहींनी दात-ओठ खात.

मग आपटी. १ मार्च १९७९ ला स्वतःच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं आणि चारास एक अशा फरकाने लोकांनी ती नाकारली. विरोधाच्या कारणांत भाषा होतीच. ‘वेल्श येणाऱ्यांचं राज्य येईल’ ही भीती दक्षिणेच्या खोऱ्यांत घातली गेली आणि ती लागू पडली. आपल्या माणसांनी आपल्यालाच नकार दिला, हा घाव कापेल केलिनपेक्षा खोल असावा.

थॅचर सरकार आलं आणि वेल्श दूरचित्रवाहिनीच्या आश्वासनावरून मागे फिरलं. एव्हान्स तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी जाहीर केलं, की ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषणाला बसणार. हा मार्ग कुठला हे आपल्याला ओळखीचं आहे. १७ सप्टेंबरला, उपोषण सुरू होण्याआधीच, सरकार नमलं. माघार हा शब्द ज्यांच्या कोशात नव्हता अशा थॅचरबाईंना एका टोमॅटोवाल्याने ती घ्यायला लावली. १ नोव्हेंबर १९८२ ला ‘एस फोर सी’ वाहिनी सुरू झाली. आपल्या पोरांनी पाहिलेला ‘फायरमन सॅम’ तिच्याचसाठी तयार झाला होता.

त्यानंतर खाणी बंद पडल्या. १९८४-८५ च्या संपात खाणकामगार वर्षभर झुंजले आणि हरले. लंडनकडून आपलं काही भलं होत नाही, हे इंग्रजी बोलणाऱ्या खोऱ्यांनाही पटलं. दरम्यान त्याच खोऱ्यांतले आईबाप मुलांना वेल्श माध्यमात घालू लागले होते. भाषेची भीती ओसरत होती. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा सार्वमत झालं. रात्रभर ‘नाही’ पुढे. सर्वांत शेवटी, पहाटे, निकाल आला तो कार्मार्थनशायरचा, म्हणजे बीझलींच्या आणि एव्हान्सच्या जिल्ह्याचा. त्याने पारडं फिरवलं. अकरा लाखांहून अधिक मतांत ६,७२१ मतांनी ‘हो’ जिंकलं.

आज कार्डिफमध्ये संसद आहे, वेल्श अधिकृत भाषा आहे आणि २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचं सरकारी उद्दिष्ट आहे. २०२२ मध्ये वेल्सचा संघ १९५८ नंतर प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकाला गेला, तेव्हा डाव्हिद इवान यांचं १९८३ चं गाणं स्टेडियमभर घुमलं. गाणाऱ्या बहुतेकांना वेल्श येत नसावी. शब्द मात्र पाठ होते.

आयलीन बीझली २०१२ मध्ये गेल्या. पाच वर्षांनी त्यांच्याच लान्गेनेखमधली प्राथमिक शाळा पूर्ण वेल्श माध्यमाची करायचा निर्णय झाला आणि त्यावरून गावात उभी फूट पडली. कार्मार्थनशायरमध्ये कराचं बिल आता दोन्ही भाषांत येतं. २०११ मध्ये तिथे ४३.९ टक्के लोकांना वेल्श येत होती, २०२१ मध्ये ३९.९ टक्के. त्या दहा वर्षांत वेल्समधल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात एवढी घट झालेली नाही.