डोळ्याचा आणि कानाचा रुग्ण घरी असेल तेव्हा

आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आज साठी-सत्तरीची दोनच माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशात. अशा घरात एकाचा मोतीबिंदू काढला की शुश्रूषेचे सगळे काम दुसऱ्यावर येते, आणि त्यालाही बाटलीवरचे बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, तो नीट पाळता यावा यासाठी आहे.

पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रुग्णाला कित्येक दिवस हलू देत नसत. पुढे जन्मभर जाड भिंगाचा चष्मा. हेरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनला डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले आणि हळूहळू हे चित्र पालटले. आता आपल्या जयारोग्य रुग्णालयात जा की खासगी ठिकाणी, रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. मोतीबिंदू ‘पिकू’ देण्याची किंवा थंडीची वाट पाहण्याची गरज राहिलेली नाही. उलट तो फार पिकला तर ऑपरेशन अवघड होते.

घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचे काम म्हणजे थेंब घालणे, आणि नेमके तेच घाईत होते. आधी साबणाने हात धुवावेत. रुग्णाला मान मागे टाकून बसवावे किंवा उताणे निजवावे, वर बघायला सांगावे, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी आणि तिथे जी खाच होते तिच्यात एकच थेंब सोडावा. दोन-तीन थेंब घालून फायदा नाही. डोळ्यात एकसुद्धा पुरता मावत नाही, बाकीचे गालावर येते. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलका दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक थेंब उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात. गेल्या वर्षीची उरलेली बाटली फ्रीजमधून काढून वापरणे हा काटकसरीचा प्रकार बंद करावा.

ऑपरेशननंतरचे काही थेंब सुरुवातीला दिवसातून अनेकदा आणि मग दर आठवड्याला कमी करत जायचे असतात. हे तोंडी लक्षात राहत नाही. बँकेतल्या सवयीमुळे मी तरी कागदावर रकाने आखणेच पसंत करतो: तारीख, वेळ, औषध, आणि घातल्यावर खूण. बाटल्या सारख्या दिसत असतील तर एकीला रबरबँड लावावा.

डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळा चोळू नये, डोक्यावरून आंघोळ करू नये, बादली उचलू नये, पूजेला किंवा चूल-ओट्याखाली फार वाकू नये. त्या कुशीवर निजू नये. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून जेवणात भाजी-फळे हवीत. आपल्याकडच्या मे महिन्यातली लू आणि धूळ पाहता बाहेर काळा चष्मा हवाच. गुलाबपाणी, मध, काजळ यांतले काहीही डोळ्यात घालायचे नाही. थोडे टोचणे, पाणी येणे चालते. पण दुखणे किंवा लाली वाढत गेली, पू आला, दिसणे एकदम कमी झाले, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

काचबिंदूचे वेगळे. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून लोक थेंब सोडून देतात. तसे करू नये. रुग्णाला दमा असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे, कारण काचबिंदूचे काही थेंब दम्याला बाधतात.

नातवंडांसाठी एक गोष्ट. २०२५ च्या दिवाळीत ‘कार्बाइड गन’मुळे मध्य प्रदेशात अनेक मुलांचे डोळे जखमी झाले. कार्बाइडचा पाण्याशी संबंध आला की चुना तयार होतो, आणि चुना डोळ्याला भाजतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पिळताना डोळ्यात उडण्याचे प्रकारही होतात. अशा वेळी न चोळता, कण दिसत असतील तर ते झटकून, वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक रुग्णालय गाठावे. टोकदार वस्तू डोळ्यात घुसली असेल तर मात्र धुवू नये, दाबू नये, नुसती वाटी वर धरून न्यावे.

कानाबद्दल आपल्या घरांत गैरसमज जास्त. गरम तेल, आगकाडी, केसांची पिन हे तिन्ही वर्ज्य. मळ आपोआप बाहेर येतो; काडीने तो आत ढकलला जातो. कान वाहत असेल तर आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही घालू नये. थेंबांची बाटली आधी हातात धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी भोवळ येते. मोठ्या माणसाचा कान वर-मागे ओढायचा, लहान मुलाचा खाली-मागे, आणि पाच मिनिटे कुशीवर निजवायचे. मुलाने कानात हरभरा किंवा वाटाणा घातला तर पाणी घालू नये, दाणा फुगतो. घड्याळातली गोल बॅटरी गेली असेल तर एक तासही घालवू नये. एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा काढू नये. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

कमी दिसणाऱ्याच्या खोलीत शिरताना आपले नाव सांगावे, खुर्ची-तिपाईच्या जागा बदलू नयेत. चालवताना हाताला धरून ओढू नये. त्यांना आपले कोपर धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे राहावे. ताटाची ओळख घड्याळासारखी करून द्यावी: बाराला भाजी, तीनला वरण, सहाला पोळी.

कमी ऐकणाऱ्याशी समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, सावकाश बोलावे. ओरडले की शब्द फाटतात. श्रवणयंत्र आणले की पहिल्याच दिवशी लग्नात नेऊ नये. आधी घरच्या शांत खोलीत तासभर, मग हळूहळू वेळ वाढवत जावे. कपाटात पडून राहिलेली कितीतरी यंत्रे मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांचे कारण हीच घाई. आपल्या गणेशोत्सवात लाउडस्पीकरपासून लांब, पण बोलणाऱ्याचे तोंड दिसेल अशा पुढच्या काही खुर्च्या या मंडळींसाठी राखून ठेवाव्यात, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.