अष्टपैलू कबड्डीपटू

कबड्डीत गाजतो तो चढाईवाला. टाळ्या त्याला, शिट्ट्या त्याला, दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर चर्चाही त्याचीच. सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके २०१४ साली प्रो कबड्डीत दिल्लीकडून चढाया करू लागला, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. खेळापायी पोराचे शिक्षण बुडेल, ही वडिलांची धास्ती. त्यांच्यापुढे ठेवायला मला एक कप हवा होता.

गेल्या वर्षी साताऱ्याहून आम्ही सांगलीला खेळायला गेलो. चढाईत माझे नऊ गुण झाले. अखेरच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे आणि मैदानात तिघेच. तिघे किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली, तर एक गुण जादा, म्हणजे दोन! डाव्या कोपऱ्यात मी होतो. पाय पुढे येताच घोट्यावर झेपावलो. तो पाय निव्वळ हूल होती. मला हात लावून गडी परत गेला, आणि कपही.

मित्रहो, अष्टपैलू म्हणजे चढाई आणि पकड दोन्ही येणारा, एवढेच मी समजत होतो. खरी गोम अशी की, एका कामातली समज दुसऱ्यात वापरता आली पाहिजे. समोर सहा-सात गडी असताना चढाईवाला बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो, तेव्हा त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी सारा भार एका पायावर! स्वतः बोनस घेणाऱ्याला हे ठाऊक असते. पण कोपऱ्यात उभे राहून ते आठवायला हवे. शिवाय चढाईवाल्याला तीस सेकंदांत काहीतरी करावेच लागते, पकडणाऱ्याला थांबावे लागते. दिल्लीचा मनजीत छिल्लर दोन्ही करी. असा गडी बाद झाला की संघाचे दोघे गेल्यासारखे; म्हणून त्याने उगाच झेपावू नये. मी नेमके तेच केले होते.

घरी सगळे सांगितले. वडील वैरण टाकत होते. म्हणाले, "खोंड धरताना खुराकडं बघत न्हाईत बाबा, वशिंडाकडं बघत्यात. अंग वळल्याबिगर खूर वळत न्हाई."

हल्ली सरावात मी चढाईवाल्याच्या कमरेकडे बघतो. दहांतले चार अजून निसटतात.