नको तिथे उजळलेल्या पेशी

गेल्या महिन्यात मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, एक फ्लो सायटोमेट्री रिपोर्ट हाती आला. सीडी19 पॉझिटिव्ह आणि पुढे टक्के, एवढंच. आलेख नाही. मायलॉइड पेशींवर बी-पेशीची खूण कशी, यावर एक ओळही नाही. नमुना नागपूरहून विमानाने गेला आणि मोबाइलवर आकडा परत आला. मला ते फार लागलं.

या तपासणीत रंग लावलेली अँटिबॉडी पेशीवरच्या खुणेला चिकटते आणि ती पेशी यंत्राच्या पडद्यावर उजळ ठिपका होऊन दिसते. 1975 मधल्या कोलर-मिलस्टाइन यांच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी, 1982 च्या पॅरिस परिषदेपासून या खुणांना मिळालेले सीडी क्रमांक, हे सगळं पुस्तकात आहे. माझ्या मनात घर केलं ते 2004 नंतरच्या दशकानं. त्या एप्रिलमध्ये एचआयव्हीचे मोफत सरकारी उपचार सुरू झाले आणि रक्तातल्या सीडी4 पेशी दोनशेच्या वर की खाली, यावर औषध ठरू लागलं. गडचिरोली-यवतमाळकडून आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या यायच्या, मे महिन्यात वाटेतच तापलेल्या. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेतात आणि पडद्यावर भलतीकडेच ठिपके उजळतात.

त्या ठिपक्यांवर आमचे तासन्‌तास वाद व्हायचे. सीडी4 आहे, सीडी3 नाही? मोनोसाइट बघा, त्यांच्यावरही फिकं सीडी4 असतं. सगळंच थोडं थोडं चमकतंय? पेशींवरचे एफसी रिसेप्टर अँटिबॉडीची शेपटी धरून बसलेत, आधी ते अडवा. मोजण्याआधी फोडायच्या तांबड्या पेशी फुटतच नाहीत? सिकल सेल आहे का विचारा. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकल सेलची नोंद केली होती. विदर्भात हा प्रश्न आधी सुचायलाच हवा.

आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे कुठलीच खूण न ओळखणारी अँटिबॉडी, लावला की भागलं, असं ठणकावणारे तेव्हाही होते. मी ते मानलं नाही, आजही मानत नाही. एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या वाट्यात सांडतो, त्याची हद्द कळायला तो एक रंग वगळून बाकी सगळे घातलेली एफएमओ नळी लागते. खर्च वाचवायला आधी तीच नळी कापली गेली.

इतकं करूनही जे ठिपके हटत नसत, ते खरे असण्याची शक्यता मोठी. मायलॉइड ल्युकेमियात सीडी19 टिकून राहिलं, तर 8 आणि 21 या गुणसूत्रांची अदलाबदल शोधायची. ती सापडलेल्या रुग्णांचा आजार औषधांना तुलनेनं चांगली दाद देतो.

2017 पासून सीडी4 कितीही असो, सर्वांना उपचार मिळू लागले. रुग्णांचं भलं झालं. पण सीडी4 मोजता मोजता ठिपके वाचायला शिकलेली माणसं पांगली. निदान प्रत्येक रिपोर्टसोबत आलेख आणि यंत्राच्या कच्च्या नोंदींची मूळ एफसीएस फाइल तरी द्या. ती फाइल यंत्रात तयारच असते.